लॉरा आरएसचा वापरलेला परफॉर्मन्स क्लच विकायचा आहे, किंमत काय धरू?

फुटाळा_लॉरा | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१२ ची स्कोडा लॉरा आरएस आहे. १.८ टीएसआय, सहा गिअर मॅन्युअल. शोरूममधून आली तेव्हा १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. चार वर्षांपूर्वी रिमॅप केला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली) आणि महिनाभरात मूळ क्लच सरकायला लागला. पाचव्या गिअरमध्ये दोन हजारावरून पाय दाबला की आरपीएमचा काटा एकदम वर जायचा आणि गाडी आहे त्याच वेगात. मग बाहेरून पूर्ण किट मागवला. सिंगल मास फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली अखंड जड चकती), जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) आणि ऑरगॅनिक लायनिंगची, म्हणजे घर्षणाच्या थराची, स्प्रिंगवाली क्लच प्लेट. कस्टम ड्युटी धरून ९२,००० रुपये गेले.

किट जेमतेम ११,००० किमी चालला. ट्रॅकवर गाडी कधी नेली नाही. आता काढला, कारण बायकोच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात गाडी दोघंही चालवतो. व्हेरायटी चौकापासून झिरो माईलपर्यंत संध्याकाळी या क्लचचं जड पेडल तिला दाबवत नाही. रिमॅप काढला, मूळ पद्धतीचा नवीन क्लच आणि ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील बसवलं.

४५,००० मागावे म्हणतो. फोटो जोडले आहेत. योग्य आहे का? कोणाला हवा असेल तर नागपुरातच येऊन बघावा, पार्सल करायची इच्छा नाही.

मशीनशॉप_हिंगणा | १२ जानेवारी, रात्री १०.२५

भाऊ, फोटो छान आहेत, पण फोटो आणि किलोमीटर यावरून क्लचची किंमत कोणी सांगू शकत नाही. एखादा माणूस लाख किमी एकाच प्लेटवर काढतो आणि एखादा दोन रविवारांत प्लेट जाळतो. मोजून सांगा. घरी व्हर्नियर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिलं, क्लच प्लेट. लायनिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजा. दोन्ही बाजूंनी सहा-सहा जागी. टोयोटाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये किमान ०.३ मिमी लिहिलेली असते. त्याच्या खाली गेलं की रिव्हेट फ्लायव्हीलला घासणार आणि मग फ्लायव्हीलही गेलं. तुमच्या किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो धरा.

दुसरं, हबच्या (प्लेटच्या मधल्या भागाच्या) स्प्रिंगा. हातात प्लेट धरून हलवा. स्प्रिंगचा खुळखुळ आवाज आला, किंवा स्प्रिंग आपल्या खिडकीत बोटाने फिरत असेल, तर प्लेट बाद.

तिसरं, प्रेशर प्लेट. स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खाली फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्या) घाला. मधोमध ०.१५ मिमीची पाती गेली तर प्लेट वाकली आहे. डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटमधल्या पसरट स्प्रिंगच्या) बोटांची टोकं बघा, रिलीज बेअरिंगने (पेडल दाबलं की या बोटांवर टेकतं ते) किती खाल्ली आहेत आणि सगळी एका उंचीत आहेत का.

चौथं, फ्लायव्हील. नखाने चाचपून पाहा. बारीक केसासारख्या चिरा चालतात, पण नख अडकलं तर लेथवर न्यावं लागेल.

आणि एक विनंती. साफ करताना कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा. माझ्या वर्कशॉपमध्ये पोरांना हे रोज सांगतो.

मानकापूर_१६व्ही | १२ जानेवारी, रात्री ११.१०

या धाग्यावर माझा अनुभव लिहिलाच पाहिजे, कारण मी हे न मोजता घेतलं होतं.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून 'फक्त १५०० किमी चाललेला' सिरॅमिक पकवाला (अखंड लायनिंगऐवजी सिरॅमिकचे तुकडे असलेला) सेट घेतला. २८,००० रुपये, आगाऊ. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पोतं आलं. उघडलं तर प्लेट काळी कुळकुळीत, वरून नवीनच वाटत होती. बसवली. पहिल्याच दिवशी पहिल्या गिअरला गाडी अशी थरथरली की डॅशबोर्डवरचा गणपती खाली पडला. वाटलं, बेडिंग (नवी प्लेट घासून नीट बसणं) व्हायचं आहे. ८०० किमी शहरात सांभाळून चालवली. थरथर तशीच.

परत गिअरबॉक्स उतरवला. प्रेशर प्लेटवर नाण्याएवढे निळे डाग, चार ठिकाणी. विकणाऱ्याने त्यावर पॉलिश पेपर मारला होता, म्हणून फोटोत दिसले नाहीत. मिस्त्रीने प्लेट उजेडाकडे तिरकी धरली तेव्हा कळलं. गिअरबॉक्स उतरवायचे पैसे दोनदा, क्लचचे पैसे बुडाले, आणि गाडी तीन आठवडे उभी.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. विकणाऱ्याला विचारतो, 'काढला कशासाठी?' उत्तर गुळमुळीत आलं की पुढे बोलत नाही. तुम्ही कारण सरळ लिहिलं आहे, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

वर्धारोड_गिअरवाली | १३ जानेवारी, सकाळी ७.५०

मानकापूरदादा, ते निळे डाग घासून का जात नाहीत ते सांगते. प्लेट ओतीव लोखंडाची असते. सरकता सरकता एखादी जागा लाल होईपर्यंत तापते आणि आजूबाजूचं थंड लोखंड तिची उष्णता झटकन ओढून घेतं. त्या जागेचा पोतच बदलतो, काचेसारखा कडक होतो. वरचा निळा रंग पेपरने निघतो, आतला कडकपणा राहतो. लेथवर नेलं तरी टूल त्या जागेवरून घसरतं आणि डाग केसभर उंच राहतो. थरथर तिथून येते. काढायचाच असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावं, तेही डाग वरवरचा असेल तरच.

आता लॉरावाले दादा, तुमच्या प्रश्नाबद्दल. माझं मत स्पष्ट आहे. क्लच प्लेटची किंमत शून्य धरा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट या वस्तू आहेत, त्यांना दुसरं आयुष्य असतं. प्लेट ही चपलेसारखी, एकाच्या पायाला घासलेली. तुमच्या फ्लायव्हीलवर तिची जी चाकोरी पडली आहे ती दुसऱ्याकडे जुळेलच असं नाही. घेणाऱ्याने त्याच कंपनीची, त्याच प्रेशर प्लेटला चालणारी नवी प्लेट आणावी. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी आणि रिलीज बेअरिंग हा खर्च तसाही होणारच आहे. तिथे जुनी प्लेट घालून काही हजार वाचवायचे आणि वर्षभरात परत सगळं उतरवायचं, हे मला पटत नाही.

असे किट विकताना जो 'स्टेज २' शब्द वापरतात त्यावरही जाऊ नका. स्टेजचं कोणतंही ठरलेलं माप नाही. एक्सेडीच्या यादीत स्टेज १ म्हणजे ऑरगॅनिक आणि स्टेज २ म्हणजे सिरॅमिक-धातूचे पक. दुसरी कंपनी त्याच आकड्याखाली वेगळंच काही विकते. लायनिंग कशाची, प्रेशर प्लेटचा दाब किती, प्लेटचा व्यास किती, एवढंच विचारा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत २२८ आणि २४० मिमी अशी दोन्ही मापं फिरतात.

वाडीचा_मिस्त्री | १३ जानेवारी, दुपारी १.१५

ताईचं बरोबर आहे. मी तीस वर्सं ट्रकचे न् गाड्यायचे क्लच करून राहिलो, एक गोष्ट सांगतो. लोक पेडल दाबून पाहतात अन् म्हणतात, जड आहे म्हणजे क्लच मजबूत आहे. तसं नसते भाऊ. प्लेट झिजत जाते तसा डायफ्रामचा दाब आधी वाढत जाते, पेडल जड होते. मंग एका हद्दीच्या खाली गेला की दाब एकदम उतरते अन् क्लच सरकते. त्याच्यामुळं जुन्या सेटचं जड पेडल पाहून खुश नका होऊ. प्लेट किती राह्यली ते मोजा.

अन् पाना लावताना प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे सोडा. एका बाजूनं सोडले की कव्हर वाकते. विकणाऱ्यानं कसा काढला हे बी विचाराले पाह्यजे.

फुटाळा_लॉरा | १४ जानेवारी, रात्री ८.०५

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ खाऊन मोजायला बसलो.

रिव्हेटची खोली, फ्लायव्हीलकडची बाजू: १.१, १.०, १.१, ०.९, १.१, १.० मिमी. प्रेशर प्लेटकडची बाजू: १.०, ०.९, १.०, ०.९, १.०, १.०. नवीन असताना मी मोजली नव्हती, पण किटच्या कागदावर १.४ आहे. ०.३ ही हद्द धरली तर १.१ मिमी वापरायला होती आणि ०.५ पर्यंत गेली. म्हणजे जवळपास निम्मी. मला वाटलं होतं की नवीनच आहे. आकडा बघून मन थोडं खट्टू झालं, पण लपवणार नाही.

स्प्रिंगा घट्ट आहेत. पट्टीखाली ०.०५ ची पातीही गेली नाही. डायफ्रामच्या बोटांवर घासल्याची चमक आहे, खड्डा नाही. फ्लायव्हीलवर नख कुठेही अडकत नाही. निळा डाग एक आहे, फ्लायव्हीलवर, तांदळाच्या दाण्याएवढा. उजेडात तिरकं धरून त्याचाही फोटो टाकतो आहे.

ताईचं ऐकून किंमत बदलतो. फ्लायव्हील १७,०००, प्रेशर प्लेट १३,०००. एकूण ३०,०००. प्लेट हवी असेल त्याने फुकट न्यावी.

अमरावती_टीएसआय | १५ जानेवारी, सकाळी १०.३०

दादा, मला हवा आहे. माझी लॉरा १.८ टीएसआय आहे, मॅन्युअल, रिमॅप झालेली, आणि तीच तक्रार. वरच्या गिअरमध्ये सरकते. अमरावती ते नागपूर दीडशे किलोमीटर आहे, रविवारी येतो.

एक विचारायचं होतं. माझ्या मिस्त्रीचं म्हणणं, मूळ क्लचची नवीन प्लेट तुमच्या फ्लायव्हीलवर चालून जाईल, स्वस्तात काम होईल. चालेल का?

वर्धारोड_गिअरवाली | १५ जानेवारी, दुपारी १२.२०

नाही! कृपया हे करू नका.

तुमच्या गाडीत आत्ता ड्युअल मास फ्लायव्हील आहे. त्यात फ्लायव्हीलचे दोन भाग असतात आणि मध्ये लांब स्प्रिंगा. इंजिनचे झटके तिथेच जिरतात, म्हणून त्याच्या जोडीची क्लच प्लेट बिनस्प्रिंगची, सरळसोट असते. लुक कंपनीने १९८५ मध्ये अशी फ्लायव्हील मोटारींसाठी बाजारात आणली, आज कितीतरी गाड्यांत आहेत. दादांचं फ्लायव्हील सिंगल मास आहे, अखंड. त्यात झटके जिरवायला काहीच नाही, ते काम प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगांनी करायचं असतं. तुम्ही बिनस्प्रिंगची प्लेट लावली तर सगळे झटके थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जाणार.

स्प्रिंगवाली प्लेट लावूनसुद्धा न्यूट्रलला, पेडल सोडल्यावर गिअरबॉक्समधून थोडी खडखड येईल. ती सिंगल मासची सवयच आहे, घाबरू नका. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

मशीनशॉप_हिंगणा | १५ जानेवारी, दुपारी २.०५

अमरावतीकर, रविवारी फ्लायव्हील घेतलं की सरळ हिंगणा एमआयडीसीत माझ्याकडे या. तो तांदळाएवढा डाग सरफेस ग्राइंडरवर बघतो. निघाला तर ठीक, नाही निघाला तर दादांना फोटो पाठवू आणि किमतीचं परत बोलता येईल. या फ्लायव्हीलला पायरी आहे का, म्हणजे घर्षणाची बाजू आणि बोल्टची बाजू वेगळ्या उंचीत आहेत का, तेही पाहावं लागेल. पायरीवाल्यात घर्षणाची बाजू जितकी घासाल तितकीच बोल्टची बाजूही घासावी लागते, नाहीतर दाब कमी होतो. लेथवाल्याला हे सांगितलं नाही तर तो एकच बाजू मारून देतो.

फ्लायव्हीलचे क्रँकला (इंजिनच्या मुख्य दांड्याला) लागणारे बोल्ट नवीन आणा. फोक्सवॅगन घराण्यात ते ६० न्यूटन मीटरला आवळून वर पाव फेरा द्यायचे असतात, ताणले जातात, परत वापरायचे नसतात. जुने बोल्ट दादांनी पिशवीत दिले तरी फेकून द्या.

फुटाळा_लॉरा | १८ जानेवारी, रात्री ९.१५

आज जे झालं ते लिहितो, कारण त्यातून माझंच मोठं नुकसान वाचलं.

अमरावतीचे दादा सकाळी दहाला आले. सोबत मिस्त्रीकाका होते, साठीतले. तर्री पोहे खाल्ले आणि गच्चीवर उन्हात सगळं मांडलं. काकांनी पट्टी लावली, बोटं बघितली, मान हलवली. मग ती फुकटची क्लच प्लेट उचलली आणि मधल्या हबच्या दात्यांत करंगळी फिरवली. बोट नाकाशी नेलं. मग मला म्हणाले, 'वास घ्या.'

ग्रीससारखा वास नव्हता. उग्र, गंधकासारखा. गिअर ऑइल.

नीट बघितलं तर लायनिंगच्या आतल्या कडेला, हबच्या बाजूने, एका बाजूला बोटभर रुंदीची ओलसर काळपट पट्टी होती. मी धूळ समजून सोडून दिली होती. काका म्हणाले, 'हे इंजिनकडून आलेलं नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून गळलं असतं तर फ्लायव्हीलची पाठ ओली झाली असती, आणि वास इंजिन ऑइलचा असता. हे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलं आहे. आता गाडीत जो नवीन क्लच बसवला, तेव्हा सील बदललं का?'

मी बिल काढून बघितलं. सीलची ओळच नाही. जिथे काम केलं त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, नवीन क्लच बसवला आणि जुनं गळकं सील तसंच ठेवून परत चढवला. दोन-तीनशे रुपयांचं रबर. माझी नवीन प्लेटही थोड्या दिवसांनी तेल पिणार होती, आणि तेल प्यालेली ऑरगॅनिक प्लेट धुऊन वाळवून परत होत नाही, फेकावीच लागते.

मी दादांना म्हटलं, हा सेट घ्यायला मन धजत नसेल तर राहू द्या. काकांनीच सांगितलं की लोखंडाला तेलाचं काही होत नाही, ब्रेक क्लीनरने पुसलं की साफ. प्लेट मात्र त्यांनी घेतली नाही. ३०,००० ठरले होते, मी २७,००० घेतले. ते तीन हजार मी काकांना द्यायला हवे होते असं आत्ता वाटतं आहे. त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

परवा गाडी परत वर जाणार. मिस्त्री दुसरा आहे आणि सील मी स्वतः नेऊन देणार आहे.

वाडीचा_मिस्त्री | १८ जानेवारी, रात्री १०.००

त्या काकाले माझा रामराम सांगजा. करंगळी घालून वास घेणारे मिस्त्री आता कमी राह्यले.

आमच्याकडं गिअरबॉक्स खाली आला की सील बदलल्याशिवाय वर जात नाही. ज्या गाडीत रिलीज बेअरिंग अन् स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबानं बेअरिंग ढकलते तो) एकच असते, गिअरबॉक्सच्या घंटीवाणी कव्हरच्या आत, तिथं तो बी नवाच टाकाचा. तो आत फुटला की ब्रेक ऑइल सरळ क्लचवर येते.

मानकापूर_१६व्ही | १९ जानेवारी, सकाळी ९.३०

फुटाळा दादा, सील बदलताना शाफ्टवर जिथे सीलची कड बसते तिथे खाच पडली आहे का तेही बघायला सांगा. खाच असेल तर नवीन सीलही गळतं. आणि गिअर ऑइल किती कमी झालं ते मोजून भरा. वर्षभर थोडं थोडं गळत असेल तर आतल्या बेअरिंगांना त्रास झाला असेल.

फुटाळा_लॉरा | २१ जानेवारी, रात्री ८.३०

सील बदललं. शाफ्टवर खाच नाही. ऑइल साधारण पाव लिटर कमी होतं. नवीन प्लेटवर अजून तेल पोचलं नव्हतं, सीलच्या खाली फक्त एक थेंब लटकत होता. मी तो थेंब स्वतः बघितला.

अमरावती_टीएसआय | ९ मार्च, रात्री ७.४५

उशिरा लिहितो आहे, पण बेडिंग पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

हिंगण्याला डाग पूर्ण निघाला. फ्लायव्हील सपाट निघालं, पायरी नव्हती, त्यामुळे काम सोपं झालं. नवीन स्प्रिंगवाली प्लेट मागवायला पंधरा दिवस गेले. नवीन बोल्ट, नवीन रिलीज बेअरिंग, आणि हो, नवीन सील. काकांनी बसवताना दात्यांना ग्रीस अगदी बोटाच्या टोकाइतकंच लावलं आणि उरलेलं पुसून काढलं.

८०० किमी फक्त शहरात, अर्ध्याहून जास्त पाय दिला नाही. राजकमल चौकातल्या गर्दीने ते काम लवकर उरकलं. पहिले शंभर-दीडशे किमी गाडी सुटताना किंचित थरथरायची, मग थांबली. न्यूट्रलला खडखड येते, ताईंनी सांगितली तशीच, पेडल दाबलं की बंद होते.

रविवारी पहाटे मोकळा रस्ता बघून पाचव्या गिअरमध्ये दोन हजारावरून पूर्ण पाय दिला. काटा आणि गाडी बरोबरच वर गेले. तीनदा करून बघितलं. सरकत नाही.

फुटाळा दादा, वहिनींचा गुडघा कसा आहे?

फुटाळा_लॉरा | ९ मार्च, रात्री ९.२०

वाचून फार बरं वाटलं. गुडघा बरा आहे. काल ती स्वतः गाडी घेऊन कामठी रोडने माहेरी जाऊन आली.

शीर्षकात 'विकला' असं टाकतो आहे. फोटो आणि मोजमापं काढत नाही, कोणाला पुढे लागतील. ती तेल प्यालेली प्लेटही ठेवली आहे. तेलाची पट्टी कशी दिसते आणि वास कसा येतो हे ज्याला बघायचं असेल त्याने घरी यावं.